कोणाची तारीख आहे का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. वक्त्या मार्कंडा परिसरातील महिला बचत गटांच्या समन्वयक आहेत.)



दर वेळी मी बचतीचं, कर्जाचं, शेळ्या-कोंबड्यांचं बोलते. आज स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलणार आहे. शब्द ऐकून कोणाचा हात रेडिओ बारीक करायला गेला असेल, तर जरा थांबा. पंधरा मिनिटं ऐका, मग वाटलं तर बंद करा.

आपल्याकडे एक बोलणं आहे, 'कॅन्सर म्हणजे कॅन्सल'. एकदा नाव निघालं की घरातले लोक त्या बाईकडे पाहूणी असल्यासारखं पाहायला लागतात. मीसुद्धा तसंच समजत होते. आता तसं समजत नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाया जगतात, वर्षानुवर्षं जगतात. कोण जगते आणि कोण जात नाही ना, हे सगळंच्या सगळं नशिबावर नसतं. गाठ केव्हा सापडली यावर ते असतं, हे आपण पुष्कळदा ऐकलं. पण सापडल्यावर उपचार कसा झाला, नीट झाला का, वेळेवर झाला का, पुरा झाला का, यावरही तितकंच असतं. हे दुसरं कोणी सांगत नाही. म्हणून आज मी ते सांगते.

आधी माझ्या घरातली गोष्ट. माझी मोठी जाऊ. रोवणीच्या दिवसांत बांधीतून येऊन आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली, हरभऱ्याच्या घाट्याएवढी. दुखत नव्हती. म्हणून ती बोलली नाही. दिवाळीत मला म्हणाली, "अवं, दुखत तं नाही, कायले सांगू?" आम्ही तिला जवळच्या एका शहरात एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिथल्या तिथे चिरा देऊन गाठ काढली, टाके घातले, साधी गाठ आहे म्हणून सांगितलं. काढलेली गाठ तपासायला पाठवली नाही. आम्हीही विचारलं नाही. टाके सुकले, आम्ही सत्यनारायण घातला.

होळीपर्यंत त्याच जागी गाठ परत आली, काखेतही आली. मग मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे तपासण्या झाल्या आणि कर्करोग निघाला. आधी केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून औषध, मग ऑपरेशन, मग किरणांचा उपचार, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं. तीन वेळा औषध झालं. केस गेले, तोंड आलं. चौथ्या वेळेला रोवणी आली. "रोवणी झाली का जातो," म्हणाली. घरातले सगळे, मी धरून, हो म्हणालो. रोवणीनंतर निंदण आलं, मग पोळा आला, मग कापणी. ती गेलीच नाही. पुढच्या वर्षी संक्रांत झाल्यावर ती आम्हाला सोडून गेली.

तेरवीनंतर तिची पत्र्याची पेटी उघडली. लुगड्याखाली रुग्णालयाचं कार्ड होतं. तीन तारखांपुढे शिक्के होते. चौथ्या तारखेला डॉक्टरांनी पेनाने गोल केलेला होता आणि त्यापुढची जागा कोरी होती. माझी जाऊ अंगठा लावायची, तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी बी.ए. झालेली, दर महिन्याला गावोगावच्या गटांच्या वह्या तपासते, कोणाचा हप्ता एक दिवस चुकला तर लाल पेनाने खूण करते. आणि माझ्या घरातलं कार्ड मी एकदाही हातात घेतलं नाही. हे मी आज पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर सांगते आहे.

आता दुसरी बाई. आमच्याच एका गटातली. तिच्या परवानगीने सांगते, नाव नको म्हणाली. तिलाही गाठ अशीच लागली, पण ती आठवड्यात आशाताईकडे गेली. तिथून आरोग्य केंद्र, तिथून जिल्ह्याचा दवाखाना, तिथून नागपूर. तिची गाठ आधी सुईने तपासली, मग उपचार ठरला. सगळी औषधं, ऑपरेशन, किरणं, जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षी तिच्या बांधीची रोवणी गटातल्या बायांनी पाळीपाळीने केली. आज ती रोज एक गोळी घेते, गोळीचं चौथं वर्ष चालू आहे. गेल्या महिन्यात तिने शेळीसाठी कर्ज घेतलं.

तुम्ही म्हणाल, दोन बायांवरून काय ठरतं? एकीचं नशीब चांगलं होतं. बरोबर आहे, दोघींवरून काही ठरत नाही. म्हणून मोठे आकडे पाहू.

आपल्या देशात ठिकठिकाणी कर्करोगाची नोंदणी होते. अशा ११ ठिकाणच्या नोंदींचा अभ्यास २०२४ साली छापून आला. २०१२ ते २०१५ या काळात ज्यांना स्तनाचा कर्करोग निघाला, त्यांच्यातल्या पाच वर्षांनी किती जिवंत होत्या, ते त्यात मोजलं. शंभरातल्या सुमारे ६६. म्हणजे पहिली गोष्ट अशी, की तीनपैकी दोघी जिवंत होत्या. 'कॅन्सल' नाही.

रोग स्तनातच असताना सापडला, तर शंभरातल्या ८१. काखेपर्यंत किंवा आजूबाजूला गेला असेल, तर ६५ च्या थोडं वर. हाडात, फुप्फुसात, लांब पसरल्यावर सापडला, तर फक्त १८. लवकर दाखवा, असं जे सगळे सांगतात, ते या आकड्यांमुळे.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. मिझोराममध्ये शंभरातल्या जवळजवळ ७५ बाया पाच वर्षांनी होत्या, आणि अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटला फक्त ४२. दोन्ही ठिकाणं ईशान्येकडची, दोन्हीकडे डोंगर, जंगल, पाऊस, लांबचे रस्ते. आपण म्हणतो ना, 'आम्ही जंगलातले, आमचं काय होणार?' जंगल तर दोन्हीकडे आहे. आणि जगाकडे पाहिलं, तर अमेरिकेत हाच आकडा नव्वदच्या आसपास आहे. बाईचं शरीर सगळीकडे सारखंच आहे. रोग केव्हा सापडतो आणि उपचार कसा मिळतो, यात फरक आहे.

उपचाराच्या पद्धतीनेच किती फरक पडतो, याचं एक उदाहरण स्कॉटलंड देशातल्या ग्लासगो शहराचं आहे. तिथे १९९५ साली असं ठरलं, की स्तनाच्या कर्करोगाची बाई आली की ऑपरेशनचा डॉक्टर, औषधाचा डॉक्टर, किरणांचा डॉक्टर आणि गाठ तपासणारा डॉक्टर यांनी एकत्र बसून तिचा उपचार ठरवायचा. शेजारच्या भागांत तेव्हा तसं नव्हतं. पुढे १३ हजारांवर बायांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जिथे डॉक्टर एकत्र बसत होते तिथे या रोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी निघाले. नवं औषध नव्हतं, नवं मशीन नव्हतं. चार जाणकार एका टेबलाभोवती बसले, एवढंच. आपल्या गटाच्या बैठकीसारखंच हे. एकटीने ठरवलेल्या कर्जात चूक होते, दहाजणींनी विचार केला की कमी होते.

आणि आपल्या मुंबईचं उदाहरण ऐका. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथले डॉक्टर राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सोबत्यांनी देशातल्या ११ रुग्णालयांत सुमारे १६०० बायांवर एक अभ्यास केला, तो २०२३ साली छापून आला. दात काढताना जे बधिर करायचं इंजेक्शन देतात, त्या जातीचं स्वस्त औषध ऑपरेशनच्या जरा आधी गाठीभोवती टोचायचं. निम्म्या बायांना टोचलं, निम्म्यांना नाही. बाकी उपचार सारखा. पाच वर्षांनी, ज्यांना इंजेक्शन नव्हतं त्यांच्यात शंभरातल्या ८६ जिवंत होत्या, ज्यांना दिलं त्यांच्यात ९०. एका साध्या इंजेक्शनने शंभरात चार बाया जास्त राहिल्या. म्हणजे ऑपरेशन झालं का, एवढंच विचारून भागत नाही. कसं झालं, कोणी केलं, कोणत्या पद्धतीने केलं, यालाही महत्त्व आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही डॉक्टर नाही, आम्हाला काय कळणार? खरं आहे. पण विचारता तर येतं. पाच प्रश्न सांगते. लिहिता येत असेल तर लिहून घ्या, नाहीतर पाच बोटांवर मोजून ठेवा.

पहिलं बोट. गाठ कापण्याआधी सुईने तपासणी झाली का? स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, घाबरू नका. पण हात लावून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. जाड सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून तो तपासायला पाठवतात. आधी रोग कळला की ऑपरेशन त्या हिशेबाने होतं, गाठीच्या कडा मोकळ्या राहतात, काखेचीही तपासणी होते. आधी कापलं आणि मग पाहिलं, तर मुळं मागे राहू शकतात. आणि कोणत्याही कारणाने गाठ काढली, तर ती तपासायला गेलीच पाहिजे. तो रिपोर्ट आपल्या हातात पाहिजे. माझ्या जावेच्या वेळी मी हा एक प्रश्न विचारला असता, तर होळीची वाट पाहावी लागली नसती.

दुसरं बोट. गाठ कोणत्या जातीची आहे, ते पाहिलं का? जसं सगळं धान एका जातीचं नसतं, तशी सगळी गाठ एका जातीची नसते. काही गाठी बाईच्या अंगातल्या हार्मोनवर वाढतात, काहींत 'हर-टू' नावाचा घटक जास्त असतो. डॉक्टर रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं लिहितात. ही तीन नावं पाहिल्याशिवाय कोणतं औषध लागू पडेल ते ठरत नाही. रिपोर्टमध्ये ती नसतील तर विचारा.

तिसरं बोट. उपचार कोण कोण मिळून ठरवत आहे? ग्लासगोचं आठवा. जिथे कर्करोगाचंच काम चालतं, अशा ठिकाणी निदान एकदा तरी दाखवा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. चंद्रपूरलाही टाटा ट्रस्टच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आहे. पुढचं औषध जवळ घेता येईल का, ते त्याच डॉक्टरांना विचारा.

चौथं बोट. पुढची तारीख कोणती, आणि एकूण किती? पहिल्याच दिवशी विचारून घ्या, औषध किती वेळा, ऑपरेशन केव्हा, किरणं किती दिवस. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२० साली हिशेब मांडला, तेव्हा असं दिसलं की ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मरणाचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. आपली रोवणी चार आठवड्यांची, निंदण आणखी काही आठवड्यांचं. हिशेब तुम्हीच करा. आणि नुसती गाठ काढून स्तन वाचवला असेल, तर किरणांचा उपचार घ्यावाच लागतो. काही बाया त्याला शेक म्हणतात. 'आता गाठ गेली, शेक कायले?' असं म्हणून परत येऊ नका. औषध चालू असताना ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तेव्हा अंगातली ताकद कमी झालेली असते, साधा ताप अंगावर काढला तरी जिवावर बेततो.

पाचवं बोट. गोळी लागेल का, आणि किती वर्षं? हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा तशीच गोळी निदान पाच वर्षं घ्यावी लागते. गोळी स्वस्त आहे. पण पाच वर्षं पुरी घेतली, तर या रोगाने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांश कमी होतो. अंगातून गरम वाफा येतात, पाळी बदलते, म्हणून बाया मधेच सोडतात. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आपण गटात दरमहा बचत टाकतो. एका महिन्याची बचत लहान दिसते, पाच वर्षांची पाहिली की घर उभं राहतं. गोळीचंही तसंच आहे.

आता पैशाचं. बायांचा पहिला प्रश्न तोच असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला माहीत आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला गडचिरोली जिल्हा होता. आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू आहे आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. कर्करोगाचं ऑपरेशन, केमोथेरपी, किरणं, तिन्ही त्यात आहेत. दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर पैसे भरायला जाऊ नका. आधी विचारा, हे रुग्णालय योजनेत आहे का, आरोग्यमित्र कुठे बसतात? रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, दोन्हींवर नाव सारखं आहे का ते आजच पाहा. माहेरचं नाव एकावर, सासरचं दुसऱ्यावर, यातच आठवडा जातो. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते तुम्हाला सांगायला नको. किरणांसाठी रोज जावं लागतं, तेव्हा राहायची सोय कुठे होईल, ते रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा. लाजू नका.

आणि लवकर सापडण्याबद्दल एकच सांगते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं काम केलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बाया त्या अभ्यासात होत्या. त्यातल्या निम्म्या बायांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य-कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. मशीन नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण बायांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, पण तपासणी झालेल्या बायांचा रोग लवकरच्या पायरीवर सापडला. म्हणून आशाताई तपासणीला बोलावतात तेव्हा काम आहे म्हणून टाळू नका. गाठ, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खळगे, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्त, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर दुखायची वाट पाहू नका. सुरुवातीला ते बहुतेक दुखत नाहीच.

अंगावर काढणं ही आपली जुनी सवय. आपल्याच जिल्ह्यात डॉक्टर राणी बंग आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली, १९८९ साली ते जगभर छापून आलं. शंभरातल्या ९२ बायांना कोणता ना कोणता स्त्री-रोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ होत्या. तो अभ्यास गर्भाशयाकडच्या आजारांचा होता, पण गप्प बसायची सवय तीच. आपल्या आया तशा गप्प राहिल्या. आपल्या मुलींनी तशा राहू नये.

आमच्या गटांनी आता एक पद्धत पाडली आहे. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. त्यात आम्ही आमच्यापुरतं एक जोडलं. ज्या बाईचा लांबचा उपचार चालू आहे, तिला आधी एकटीला विचारायचं, तुझी तारीख मी लिहून ठेवू का? हो म्हणाली तरच लिहायची. रोगाचं नाव वहीत लिहायचं नाही, बैठकीत बोलायचं नाही. फक्त तारीख. तारखेच्या आधी आठ दिवस कोणी सोबत जाणार, कोणी ढोरं पाहणार, कोणी लेकरांना भाकर देणार, ते ठरवायचं. प्रवासाला कमी पडले तर गटातून उचल. रोवणीत तारीख आली तर तिच्या बांधीत आम्ही उतरतो. दादांनो, तुम्हीही उतरता, हे मी पाहिलं आहे. तिथेच राहा.

मार्कंडेयाची कथा आपल्या गावात पोरालाही माहीत आहे. सोळाव्या वर्षी मरण लिहिलं होतं. यमाने फास टाकला तेव्हा त्याने पिंडीला मारलेली मिठी सोडली नाही. देवळापुढे हात जोडताना मला आता तेवढंच आठवतं, की त्याने मिठी मधेच सोडली नाही. माझ्या जावेने ती सोडली, कारण आम्ही कोणी तिचे हात धरले नाहीत.

तर येत्या बैठकीत बचतीची वही उघडण्याआधी बाजूच्या बाईच्या कानात हळूच विचारा, "बाई, कोणाची तारीख आहे का?"